वांद्र्याचे रानवार: शेतकरी गावाचे उपनगर कसे झाले?

प्रश्न: १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी (वांद्रे ज्यात येते ते मुंबईच्या उत्तरेचे बेट) पोर्तुगिजांकडे गेली, हे ठाऊक आहे; परंतु रानवारसारख्या गावाचे रूप नेमके कधी पालटले?

उत्तर: १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, तरी भातशेती चालूच राहिली, खरा बदल घडवला तो माहीम आणि वांद्रे जोडणाऱ्या १८४५ च्या माहीम कॉजवेने (खाडीवरच्या रस्त्याने), ज्यासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी मोठी देणगी दिली होती.

दुसरे उत्तर: त्यात १८९६ च्या प्लेगचीही भर घालावी लागेल. शहरातून माणसे इकडे राहायला आली, पुढे शेतांचे प्लॉट पडले, आणि साथ टळावी म्हणून ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिक) कुटुंबांनी उभारलेले क्रूस वांद्र्याच्या गल्ल्यांत आजही दिसतात. बाहेरून लाकडी जिना असलेली कौलारू घरे मात्र एकेक करून पाडली जात आहेत, याचे फार वाईट वाटते.