मदत हवी आहे: २५ किलोच्या गोण्या पॅलेटवर रचायला एक रोबो दोन लाइनना पुरेल का?

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचं पशुखाद्याचं युनिट आहे. दोन लाइन, २५ किलोच्या विणलेल्या पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) गोण्या, मिळून मिनिटाला १०. पॅलेट, म्हणजे गोण्या रचायचा सपाट पाट, १२०० बाय १००० मिमी. सध्या माणसंच रचतात. उन्हाळ्यात त्यांचे हाल बघवत नाहीत. कुणालाही कामावरून काढायचं नाही, हे आधीच सांगतो.

कोबॉट (माणसांच्या शेजारी काम करणारा रोबो) पाहिला. ३० किलो उचलणारा असला तरी त्यात ग्रिपरचं, म्हणजे गोणी पकडणाऱ्या पंजाचं वजनही धरावं लागतं, त्यामुळे आमची गोणी बसत नाही. हवा खेचून गोणी धरणारा व्हॅक्यूम ग्रिपरही वापरून पाहिला. विणीतून हवा गळते, भुकटीने फिल्टर तुंबतो. गॅन्ट्रीला (वरच्या चौकटीवर सरकणाऱ्या रोबोला) छताची उंची कमी पडते. म्हणून आता चार अक्षांचा पॅलेटायझिंग रोबो आणि गोणी खालून उचलणारा बोटांचा ग्रिपर, इथवर आलोय.

जागा दोन लाइनच्या मधोमध एकाच रोबोपुरती आहे. भरलेलं पॅलेट हँड पॅलेट ट्रकने काढायला रोबोभोवतीच्या सुरक्षा कुंपणाचं दार उघडलं की रोबो थांबणार आणि दोन्ही लाइन अडणार. असा सेल (कुंपणातला रोबो आणि त्याची पॅलेटं) कुणी चालवत असेल तर सांगा: दोन्ही पॅलेटना वेगळा सुरक्षा झोन आणि लाइट कर्टन (कुणी ओलांडला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) देऊन एका बाजूचं पॅलेट बदलताना दुसरी बाजू सुरक्षितपणे चालू ठेवता येते का, की रोबोच्या आधी गोण्या थोपवून धरणारा कन्व्हेयर घ्यावाच लागतो?