ओझीच्या आधी फ्रान्समधले लोक बासून (फुंकून वाजवायचं खर्जातलं लांब लाकडी वाद्य) काय हवेतून शिकत होते?

तिरकस: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की, "1795 ला पॅरिस कॉन्झर्व्हातुआर, म्हणजे सरकारी संगीतशाळा, निघालं आणि एतिएन ओझीनं बासून शिकवायला घेतलं, त्याआधी सगळा आनंदीआनंद होता." वर पन्नास लाइक! अहो, ओझीची पहिली मेथड, म्हणजे बासून शिकायचं पुस्तक, 1787 ची. कॉन्झर्व्हातुआरच्या आठ वर्षं आधीची. शिकणारे नव्हते तर ती छापली कुणासाठी?

मारवा: ते "कुणीतरी" म्हणजे मीच. 1787 मान्य, घ्या, तुमची एक धाव. पण पुस्तक छापणं वेगळं आणि पगारी मास्तर, परीक्षा, बक्षीस अशी घडी बसणं वेगळं. आधी होतं ते घराण्यात, दरबारात किंवा पलटणीच्या बँडात. बापानं पोराला शिकवलं, संपलं.

तिरकस: आणि ती घडी बसवली कुणी? पलटणीच्याच बँडानं! सारेत नावाच्या अधिकाऱ्यानं नॅशनल गार्डच्या, म्हणजे क्रांतिकाळातल्या नागरी सैन्याच्या, वादकांची शाळा काढली 1792 ला, तीच पुढे कॉन्झर्व्हातुआर झाली. स्थापनेच्या कायद्यात शिक्षक किती मंजूर होते पाहा: क्लॅरिनेटला 19, बासूनला 12, व्हायोलिनला फक्त 8. हे कलाप्रेम वाटतं का तुम्हाला? फौजेला आणि क्रांतीच्या मैदानी सोहळ्यांना फुंकणारे हवे होते. निकड सरली, तिजोरीला ओहोटी लागली आणि 1802 ला निम्म्याशिम्म्या मास्तरांच्या हातात नारळ! ही तुमची घडी.

लियोंवासी: दोघंही मुद्दा सोडून भांडताय. ओझीचं खरं मोठेपण 1803 च्या मेथडमध्ये आहे. त्यात रीड (वाद्याच्या तोंडाशी बसवून जिच्यातून फुंकतात ती बोरूची दुहेरी पट्टी) कशी करायची ते अवजारांसकट सांगितलंय. माझे इथले पहिले गुरुजी रीड करायला कधीच शिकवायचे नाहीत, स्वतःच्या विकायचे. तासाच्या सुरुवातीला माझी रीड तोंडात धरून नुसती फुंकायचे, चिरका आवाज आला की मान हलवायचे, "बदल ही". बदल म्हणजे त्यांच्याकडूनच घे! शेवटी मी बोरूची चिपटी आणली, भिजवली, दुमडून तारा आवळल्या, दोरा गुंडाळला. पहिल्या दहा-बारा फुकट गेल्या.

मारवा: म्हणजे दोनशे वर्षांनी शिक्षण मागे गेलं म्हणा की.

लियोंवासी: शिक्षण नाही हो, मास्तर. टोमणा कळला.

जुना_खवीस: रीडचं काय घेऊन बसलात, वाद्यच संपत आलंय! फ्रेंच बासूनची बोटं वेगळी, आवाज वेगळा. 1913 ला पॅरिसमध्ये स्त्राविन्स्कीच्या 'साक्र' या बॅलेची ती उंच पट्टीतली सुरुवात वाजली ती त्याच वाद्यावर. आज फ्रान्सच्याच ऑर्केस्ट्रांत बहुतेक जर्मन, हेकेल या कारागिरांच्या पद्धतीचं दिसतं. ओझी, मग त्याचा शिष्य देल्कांब्र, पुढे जांकूर, एवढी बासूनच्या मास्तरांची परंपरा कुणासाठी घडवली?

लियोंवासी: मीही जर्मनच वाजवतो. नोकरी हवी असते, काका. परंपरेवर घरभाडं भागत नाही.

जुना_खवीस: मग ओझीचं नाव कशाला घेता!

लियोंवासी: रीडसाठी. फ्रेंच असो की जर्मन, रीड तासावी लागतेच. आणि तुम्ही स्वतः काय वाजवता, ते एकदा कळू द्या.

जुना_खवीस: मी ऐकतो.

तिरकस: वा! बरं, मारवा, 1802 च्या नारळाचं उत्तर राहिलंय.

मारवा: नारळ दिला तरी वर्ग बंद पडला नाही ना? त्याच छाटणीत गेलेला बासूनचा मास्तर गेबावर पुढे 1820 च्या दशकात परत तिथेच प्राध्यापक झाला. बर्लिओझनं 1830 ला 'सिंफनी फँतास्तिक'मध्ये चार बासून मांडले, ते वाजवणारे काय पलटणीतून पकडून आणले?

तिरकस: एखादा आणलाही असेल. पण बरं, वर्ग टिकला हे खरं. "त्याआधी सगळा आनंदीआनंद" हे वाक्य मात्र तुम्ही खोडायचं.

मारवा: "बराचसा आनंदीआनंद" करतो. जर्मनवाल्यांनी वेगळा धागा काढावा.