पहिल्या सत्राला पंधरा मिनिटे पुरेत

स्कायडायव्हिंगच्या सरावासाठी विंड टनेलचे (खालून जोराचा वारा सोडून माणसाला हवेत तरंगत ठेवणाऱ्या उभ्या बोगद्याचे) भाडे भरलेच आहे तर अर्धा तास सलग उडून घ्यावे, असा सल्ला नवख्यांना दिला जातो; तो मला पटत नाही. १३,००० फुटांवरून मारलेल्या उडीत मुक्त पतन, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचे पडणे, जेमतेम मिनिटभराचे असते, त्यामुळे टनेलमध्ये दोन मिनिटांनंतरच नवख्याचे खांदे भरून येतात आणि अंग ताठरले की प्रशिक्षकाने सांगितलेले काहीच अंगात उतरत नाही. पहिल्या खेपेस पंधरा मिनिटे, तीही दीड-दोन मिनिटांच्या फेऱ्यांत, आपल्याच पातळीच्या जोडीदाराबरोबर आलटून पालटून घ्यावीत.

त्या सल्ल्यात न आलेली बाब म्हणजे नकळत सरकणे. आकाशात जवळपास स्थिर असे काही नसल्याने एकट्याने उडी मारणाऱ्याला आपण हळूहळू मागे जात आहोत हे उमगतच नाही. टनेलमध्ये मात्र पायाला लगेच भिंत लागते. म्हणूनच वळणे शिकण्याचा हट्ट न धरता आधी जागच्या जागी स्थिर राहणे साधावे (ऐकायला हे कंटाळवाणे वाटते खरे). आत बोललेले ऐकू येत नसल्याने हाताच्या खुणा, उदाहरणार्थ दोन सरळ बोटे म्हणजे पाय ताणा आणि वाकवलेली बोटे म्हणजे दुमडा, बाहेरच पाठ कराव्यात, आणि फेऱ्यांच्या मधल्या वेळेत आमच्या उडण्याची चित्रफीत दाखवाल का, हे नोंदणी करतानाच प्रशिक्षकाला विचारावे.