डिफरन्शियल इक्वेशन : पुस्तक आधी की व्हिडिओ आधी?

धारणी_बीएस्सी
बीएस्सी, दुसरं वर्ष. एनपीटीईएलचं, म्हणजे आयआयटीवाल्यांचं ऑनलाइन लेक्चर लावलं की सगळं समजते, अन् पुस्तकातली एक्सरसाइज उघडली की पहिल्याच गणिताला गाडी अडते. गावात रेंज रात्रीच बरी राहते, म्हणून सगळी लेक्चरं पाहणं होत नाही. दोन्हीचा मेळ कसा घालू?

गणितवाली_वणी
पुस्तक आधी. चार-पाच पानं वाच, त्यातलं सोडवलेलं एक उदाहरण उत्तर झाकून स्वतः कर. अडलास तिथं पेन्सिलची खूण, आणि लेक्चरचा तेवढाच भाग लाव. सरांनी समीकरण फळ्यावर लिहिलं की थांबव, पुढच्या दोन ओळी वहीत तू लिही, मगच पुढे जा. नुसतं पाहताना कोणती पायरी घ्यायची ते सर ठरवतात, आणि पेपरात नेमकं तेच तुझ्यावर येऊन पडतं.

हे बघ : एक्स·वाय′ + २वाय = एक्स². लेक्चरमध्ये बरेचदा वाय′ मोकळाच असतो, म्हणून पोरं इथंही पी (वायचा सहगुणक) = २ धरतात आणि सगळं फसतं. आधी एक्सने भाग. पी = २/एक्स, त्याचं इंटिग्रल २ लॉग एक्स, म्हणून इंटिग्रेटिंग फॅक्टर, म्हणजे ज्याने अख्खं समीकरण गुणायचं तो, एक्स². (२एक्स नाही, तो २ घातांकात जातो.) गुणल्यावर डावीकडे (एक्स²·वाय)′, उजवीकडे एक्स³. उत्तर : वाय = एक्स²/४ + सी/एक्स². सी (इंटिग्रेशनचा स्थिरांक) लिहायचा राहिला की मार्क गेले. उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा कर, दोन मिनिटांचं काम आहे.

धारणी_बीएस्सी
ताई, एक परदेशी लेक्चरमाला छान वाटली, पण तिच्यात आपली डी-ऑपरेटरची (डेरिव्हेटिव्हच्या जागी डी लिहून सोडवायची) पद्धतच नाही. पाहू की सोडून देऊ?

पांढरकवडा_ओडीई
पाहा ना भाऊ, फक्त एकच गणित दोन्ही पद्धतींनी करा. वाय″ − ३वाय′ + २वाय = ई^एक्स घ्या. डावीकडून येणाऱ्या एम² − ३एम + २ = ० ची मुळं १ आणि २. तिकडच्या पद्धतीत उत्तराचा अंदाज म्हणून ए·ई^एक्स धरलं तर डावी बाजू शून्य होते, कारण ई^एक्स आधीच सीएफमध्ये (उजवी बाजू शून्य धरून येणाऱ्या उत्तरात) आहे. म्हणून ए·एक्स·ई^एक्स धरायचं; ए = −१ येतो. आपल्याकडे एफ(डी) = डी² − ३डी + २ मध्ये डी = १ टाकलं की शून्य, म्हणून वर एक्स घ्यायचा आणि खाली २डी − ३, म्हणजे −१. पीआय (उजव्या बाजूमुळे येणारा उत्तराचा भाग) दोन्हीकडून −एक्स·ई^एक्स. शून्य का आलं हे तिकडच्या पद्धतीत डोळ्यांना दिसतं, आपल्यात नुसता नियम पाठ होतो. पेपरात मात्र पद्धतीचं नाव दिलं असेल तर तीच लिहा.

गणितवाली_वणी
व्हिडिओ खरा कामाचा आहे तो स्लोप फील्डसाठी, म्हणजे प्रत्येक बिंदूवर उताराची छोटी रेघ दाखवणाऱ्या आलेखासाठी. वाय′ = वाय(१ − वाय) सोडवताना वाय(१ − वाय) ने भागलं की वाय = ० आणि वाय = १ ही उत्तरं निसटतात, आणि सोडवण्याच्या नादात कोणाच्या लक्षात येत नाही. आलेखात त्या दोन आडव्या रेषा लगेच दिसतात. लेक्चर पाहिल्यावर आलेख कागदावर हाताने काढ.

पांढरकवडा_ओडीई
रात्री रेंज असताना उद्याची खूण केलेली लेक्चरं तेवढी उतरवून ठेवा. १४४पी नको, फळ्यावरचे घातांक वाचता येत नाहीत, ३६० पुरते.