स्की-बूट पायाला नीट बसवायचे आहेत, पण खर्च बेताचा

हिमवेडा, मुलुंड

नमस्कार. गेल्या फेब्रुवारीत मी गुलमर्गला स्कीइंगचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले. शिकणे आनंदाचे झाले, परंतु भाड्याच्या बुटांनी हाल केले. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही नडग्या इतक्या दुखू लागल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे, आणि घरी पोहोचेपर्यंत उजव्या अंगठ्याचे नख काळे पडले होते. बूट घट्ट होते असेही नाही. उलट दुकानदाराने ‘आराम रहेगा’ म्हणत एक माप मोठेच दिले होते आणि थंडीच्या भीतीने मी आत दोन सुती मोजे चढवले होते.

येत्या जानेवारीत पुन्हा जायचे आहे. नवे बूट घेणे परवडणारे नाही. माझा मावसभाऊ काही वर्षे जर्मनीत होता, त्याचे बूट गेली दहा-बारा वर्षे डोंबिवलीच्या घरी माळ्यावर पडून आहेत आणि ते तो मला फुकट द्यायला तयार आहे. त्यांवर २७.५ असा आकडा आहे. मी एरवी ८ नंबरची पादत्राणे वापरतो. ते मला होतील का, आणि न झाल्यास भाड्याच्याच बुटांत हजारभर रुपयांत काही सुधारणा करता येईल का?

दादर पश्चिम

आपले दुखणे बूट सैल असल्याचे आहे. सैल बुटात पाय पुढे-मागे सरकतो, प्रत्येक वळणाला नडगी बुटाच्या जिभेवर आपटते आणि अंगठा पुढच्या भिंतीला धडकतो. त्यात नवशिक्या माणूस घाबरून मागे रेलतो, म्हणजे आगीत तेलच.

आता मापाविषयी. स्की-बुटावरचा आकडा हा पावलाच्या लांबीचा, सेंटिमीटरमधला असतो, त्यामुळे आपला ८ नंबर येथे विसरून जावा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या, सर्वांत लांब बोटापुढे खूण करा आणि दोन्ही पावले मोजा. अर्ध्या मापाला फारसे महत्त्व देऊ नये, कारण २७ आणि २७.५ यांचे बाहेरचे प्लॅस्टिकचे कवच बहुधा एकच असते, फरक असलाच तर आतल्या मऊ, काढता येणाऱ्या अस्तराचा किंवा सुकतळ्याचा असतो. पावलाची रुंदीही मोजा. उत्पादक जी ९८, १०० किंवा १०२ मिलिमीटर रुंदी सांगतात ती सहसा २६.५ मापाच्या बुटाची असते; मोठ्या मापात ती त्या प्रमाणात वाढते.

खरी परीक्षा मात्र कवचाची. अस्तर बाहेर काढा, पातळ मोजा घालून रिकाम्या कवचात पाय घाला, बोटे पुढच्या भिंतीला हलकेच टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. नवशिक्याला दीड ते दोन सेंटिमीटर ठीक. त्याहून अधिक असेल तर बूट मोठा आहे, मग अस्तर घालून तो कितीही गुबगुबीत वाटो. अस्तर चार दिवसांत दबते, कवच दबत नाही.

माळ्यावरच्या बुटांबाबत मला वेगळीच धास्ती वाटते. कवच बहुधा पॉलियुरेथेनचे असते आणि ते हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षे आतून ठिसूळ होत जाते. वरून नवेकोरे दिसणारे बूट उतारावर अक्षरशः फुटल्याची उदाहरणे आहेत. डोंबिवलीचे दहा-बारा पावसाळे काढलेल्या बुटावर मी तरी विश्वास टाकणार नाही.

चपलांचा धंदा

मी स्कीइंग करत नाही, परंतु कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत पादत्राणांचा कच्चा माल विकण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत आणि एका गिऱ्हाइकाने असेच बूट माझ्याकडे आणले होते, म्हणून लिहितो. ३ आणि ५ मिलिमीटर जाडीच्या ईव्हा फोमचे (चपलांच्या तळव्यात वापरतात त्या हलक्या, लवचीक फोमचे) लहान तुकडे किरकोळीत सहज मिळतात. त्यातून घोट्याच्या हाडाला वळसा घालणारा इंग्रजी ‘एल’च्या आकाराचा तुकडा कापावा आणि तो अस्तराच्या बाहेरच्या बाजूस, हाडाच्या खाली व मागे दुहेरी टेपने चिकटवावा, हाडावर मुळीच नको. टाच जागच्या जागी धरली जाते. त्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत माझा पहिला तुकडा नेमका हाडावर आला आणि दहा मिनिटांत तो ओरडू लागला. टेपच वापरा, डिंक-सोल्युशन नको, कारण भाड्याचे बूट परत द्यायचे आहेत.

दादर पश्चिम

उत्तम सूचना. जिभेच्या वरच्या भागामागेही ३ मिलिमीटरचा एक पट्टा लावल्यास नडगीपुढची पोकळी भरते. मोजा एकच, पातळ, लोकरमिश्रित आणि गुडघ्यापर्यंतचा असावा, आणि थर्मल विजारीची कड बुटात कोंबू नये. तिची घडीच नडगीत रुतते. बूट चढवल्यावर टाच जमिनीवर मागे आपटून मगच बकल लावावेत. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकतात आणि गुडघे पुढे वाकवताच किंचित मागे सरकतात, तो बूट आपला. शक्य असल्यास प्रशिक्षणाच्या आदल्या संध्याकाळी बूट घेऊन खोलीत अर्धा तास घालून पाहा.

हिमवेडा, मुलुंड

मोजमाप केले. डावा पाय २६.४, उजवा २६.१ सेंटिमीटर. काल डोंबिवलीला जाऊन अस्तर काढून पाहिले, तर टाचेमागे तब्बल अडीच सेंटिमीटर जागा. शिवाय बकलाजवळचे प्लॅस्टिक नखाने दाबले तर भुगा हाताला आला. भाऊ हिरमुसला, पण बूट भंगारात गेले. आता भाड्याने २६.५ मागावे, असेच ना?

दादर पश्चिम

होय, आणि ‘टाइट है’ म्हणून कोणी मोठे माप पुढे केले तरी पंधरा मिनिटे चालून पाहिल्याशिवाय बदलू नका. बूट बदलले तर स्कीवरच्या बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या खटक्याची, जुळणीही पुन्हा करून घ्या, कारण ती बुटाच्या तळव्याच्या लांबीवर अवलंबून असते. टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेला तो आकडा दुकानदाराला दाखवा. फोम, कात्री आणि टेप सामानात टाकायला विसरू नका. कात्री मात्र केबिनच्या पिशवीत नको.