लिमरिकचा तह: सार्सफील्डला किती माफ करायचं?

तटबंदी:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'पॅट्रिक सार्सफील्डने एका रात्रीत लिमरिक वाचवलं. पुढच्या वर्षी इंग्रजांनी तहात दगा दिला, त्यात त्याचा काय दोष?' दोन्ही वाक्यं पटत नाहीत. 1690 मध्ये प्रॉटेस्टंट राजा विल्यमने आयर्लंडमधलं लिमरिक वेढलं, तेव्हा पदच्युत कॅथलिक राजा जेम्सच्या आयरिश सैन्यातला सरदार सार्सफील्डने बॅलिनीटीला त्याच्या तोफांच्या तळावर छापा घातला. त्या छाप्याने विल्यमचे दहाएक दिवस खाल्ले, एवढंच. वॉटरफर्डहून दुसऱ्या तोफा आल्या, तटाला खिंडारही पडलं. 27 ऑगस्ट 1690 चा हल्ला शहराच्या आतल्या लोकांनी परतवला आणि किल्लेदार होता ब्वासलो, एक फ्रेंच.
आता 1691 चा तह, ज्याने लिमरिक शरण आलं. पहिलं मुलकी कलम म्हणतं, कॅथलिकांना धर्माची मोकळीक 'आयर्लंडच्या कायद्यांशी सुसंगत असेल तेवढी', किंवा राजा दुसऱ्या चार्ल्सच्या काळी होती तेवढी. कायदे करणार कोण? प्रॉटेस्टंटांची संसद. सार्सफील्ड स्वतः 1689 च्या, जेम्सच्या कॅथलिक संसदेत डब्लिन परगण्याचा प्रतिनिधी होता. त्या संसदेने जुना जमीनवाटपाचा कायदा रद्द केलेला त्याने पाहिला होता. संसद काय उलटवू शकते हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शॅननपार:
तुम्ही शांतपणे बसून कलमं वाचताय. त्याच्यापुढे काय होतं ते मांडा ना. जुलै 1691 मध्ये ऑक्रिमच्या लढाईत आयरिश सैन्याचा फ्रेंच सेनापती सेंट रूथचं डोकं तोफगोळ्याने उडालं. त्याने लढाईचा बेत सार्सफील्डला सांगितलाच नव्हता, त्यामुळे राखीव घोडदळ जागेवरच राहिलं. ऑगस्टात जेम्सचा आयर्लंडमधला प्रतिनिधी टर्कोनेल वारला. सप्टेंबरात लिमरिकच्या थॉमंड पुलावर फ्रेंच अधिकाऱ्याने झडपपूल वेळेआधी उचलला आणि शेकडो आयरिश शिपाई बाहेरच कापले गेले. अशा वेळी 29 लष्करी आणि 13 मुलकी कलमं पदरात पाडून घेणं हे कच्चं राजकारण नाही.
आणि दुसऱ्या कलमातले 'त्यांच्या संरक्षणाखाली असलेले सर्व' (म्हणजे आयरिश सैन्याच्या ताब्यातल्या परगण्यांतली प्रजा) हे शब्द तहाच्या स्वच्छ लिहिलेल्या प्रतीत गळले, ते आयरिश बाजूनेच पकडले. विल्यमने फेब्रुवारी 1692 मध्ये ते परत घातले. 1697 मध्ये आयरिश संसदेने ते पुन्हा काढले. याचा दोष सार्सफील्डच्या माथी कसा?

जुनं_पंचांग:
तारखा देताना कुठलं पंचांग ते लिहा, हात जोडून सांगतो. इंग्रज जुन्या (ज्युलियन) पंचांगावर, फ्रेंच नव्या (ग्रेगोरियन) पंचांगावर, फरक 10 दिवसांचा. सार्सफील्डची शेवटची लढाई, लँडेनची, इंग्रजांच्या लेखी 19 जुलै 1693, फ्रेंचांच्या लेखी 29. 12 जुलै ही तर मुळात ऑक्रिमची जुनी तारीख. बॉइनची लढाई झाली 1 जुलैला. तरी उत्तर आयर्लंडमध्ये बॉइनचा दिवस 12 जुलैला साजरा करतात, हा घोळ जुनाच.

तोफखाना:
बॅलिनीटीला 'एवढंच' म्हणू नका. सार्सफील्ड पाचएकशे स्वारांनिशी क्लेअरच्या बाजूने उत्तरेला गेला, किलालूच्या वर शॅनन ओलांडली, डोंगरात दिवस काढला आणि रात्री तोफांच्या तळावर पडला. वाटाड्या होता होगन, बंडखोर रॅपरी. विल्यमला सुगावा लागला होता, पण त्याचे स्वार उशिरा निघाले.
नुसता तोफेच्या कानात (बत्ती देण्याच्या भोकात) खिळा ठोकला असता तर कारागिराने नवा कान पाडून तोफ पुन्हा उभी केली असती. म्हणून तोफांत दारू ठासून भरली, तोंडं जमिनीत रोवली, भोवती गाड्या आणि दारूची पिंपं रचली आणि बत्ती दिली. तोंड बंद असलं की दाबाला वाट उरत नाही, नळी फाटते. माती सैल राहिली तर मात्र दाब तोंडातूनच निसटतो आणि नळी वाचते. म्हणूनच सगळ्या तोफा फुटल्या नाहीत, काही पुन्हा कामी आल्या. खरं नुकसान तोफगाड्यांचं. अडीच-अडीच टनांची चोवीस पौंडी तोफ चाकांवाचून हलत नाही.

तटबंदी:
विषय तह आहे, तोफा नव्हे. तीन प्रतिसादांत माझ्या मुद्द्याला एकानेच हात घातला.

तोफखाना:
मग बॅलिनीटी तुम्हीच कशाला काढलीत? छापा क्षुल्लक ठरवायचा आणि कुणी हिशेब मांडला की विषयांतर म्हणायचं, हे चालणार नाही. ते दहा दिवस गेले आणि पावसाळा जवळ आला. खंदकात पाणी भरल्यावर वेढा कोण चालवणार?

तटबंदी:
बरं. पावसाचा मुद्दा घेतो. 'एवढंच' हा शब्द मागे. तहाबद्दल मात्र माघार नाही. लष्करी कलमं पाहा: आयरिश सैन्याला फ्रान्सला जाण्यासाठी प्रत्येकी 200 टनांची 50 जहाजं, गरज पडलीच तर आणखी 20. इतकी मोजून मापून. मागे राहणाऱ्यांसाठी 'सुसंगत असेल तेवढी'. सैन्य सोडवलं, प्रजा मोघम शब्दांवर सोडली. 1695 मध्ये कॅथलिकांची शस्त्रं आणि घोडे काढून घेणारा कायदा आलाच.

शॅननपार:
मोघम होतं, हे मान्य. नाइलाजाने मान्य. पण सह्या झाल्यावर थोड्याच दिवसांत फ्रेंच आरमार शॅननच्या मुखाशी आलं. तह मोडायची संधी समोर होती. त्याने शब्द पाळला.

तटबंदी:
पाळला, आणि कॉर्कच्या धक्क्यावर शिपायांच्या बायकापोरं मागे राहिली. कलमात जहाजं मोजली होती, कुटुंबांसाठी ती पुरली नाहीत.

जुनं_पंचांग:
3 ऑक्टोबर 1691 ही सहीची तारीखही जुन्या पंचांगाची. नव्याने 13.