‘गुणिले’ म्हणजे वाढच का? – पट, निमपट, पाऊणपट

विचारणा (इंदिरानगर):
मुलगी सहावीत आहे. १/२ × ३/४ = ३/८ हे बिनचूक सोडवते, पण विचारते, “गुणलं तर वाढायला पाहिजे ना? मग उत्तर दोघांपेक्षाही लहान कसं?” ‘एक द्वितीयांश गुणिले तीन चतुर्थांश’ असं कितीही वेळा वाचून दाखवलं तरी उजेड पडत नाही. ‘गुणिले’चा अर्थ तिला कसा सांगाल?

प्रतिसाद (पंचवटी):
ताई, ‘गुणिले’ घटकाभर बाजूला ठेवा आणि ‘पट’ घ्या. दुप्पट, दीडपट, सव्वापट हे शब्द तिला माहीत असतीलच. पण पाऊणपट आणि निमपट हेही मराठीच आहेत. एकाच्या वरची पट वाढवते, एकाच्या खालची घटवते. पाऊणची निमपट पाऊणपेक्षा कमीच भरणार!

आणि आपण हा गुणाकार बोलताना सर्रास करतो. पाऊणशे म्हणजे शंभराची पाऊणपट, ७५. सव्वाशे १२५, दीडशे १५०, अडीच हजार २,५००. पाऊणशे शंभरापेक्षा कमी का, असं कुणी विचारत नाही. फक्त पावणेदोनशेपाशी जपा. तिथे आधी दोनातून पाव वजा, मग शंभराने गुणायचं, म्हणून १७५. पाऊण हा शब्दच मुळी ‘पादोन’, म्हणजे पाव उणे. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे) पाठ करून घ्यायचे. त्या पोरांना हा प्रश्न पडलाच नसावा.

प्रतिसाद (निफाड):
पट ठीक आहे, पण छेदाला छेदाने का गुणायचं ते त्यातून कळत नाही. शेत काढून दाखवा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. उभे चार पट्टे पाडा, तीन घ्या: पाऊण एकर, ३० गुंठे. आता आडवा एकच बांध मधोमध घाला. अख्ख्या एकराचे आठ तुकडे झाले (४ × २), आणि पाऊण एकराच्या निम्म्यात त्यातले तीन आले (३ × १). तीन अष्टमांश, १५ गुंठे. बांध न घेतलेल्या चौथ्या पट्ट्यालाही कापतो, म्हणून छेद वाढतो. पोरं इथेच चुकतात, सहाच तुकडे मोजतात.

प्रतिसाद (नाशिकरोड):
याला जुना शब्द आहे, ‘प्रभाग’. (हो, आता ऐकलं की महापालिकेची निवडणूकच आठवते.) भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, भागाच्या भागाला प्रभाग म्हटलं आहे आणि नियम हाच: अंशाला अंशाने, हराला हराने गुणा. हर म्हणजे आपला छेद. उदाहरण एका कंजूषाचं. त्याने याचकाला एका द्रम्माच्या (द्रम्म म्हणजे तेव्हाचं नाणं) निम्म्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण हिश्शाचा पाचवा भाग घेऊन, त्याच्या सोळाव्या भागाचा चौथा भाग दिला. छाटाछाट केली की उरतो १/१२८०. आणि द्रम्माच्या कवड्या १२८०, म्हणजे दान एक कवडी! चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे, म्हणजे हे गणित आपल्या शेजारचंच.

विचारणा (इंदिरानगर):
शेत काढल्यावर पटलं तिला. आता ती विचारते, ‘पाऊणपट झाला’ आणि ‘पाऊणपटीने कमी झाला’ एकच का?

प्रतिसाद (निफाड):
नाही हो! समजा कांदा २,००० रुपये क्विंटल होता. पाऊणपट झाला तर १,५००. पाऊणपटीने कमी झाला तर गेले १,५०० आणि उरले ५००. बाजार समितीत हे दोन्ही एकाच दमात बोलणारे भेटतात, म्हणून मी आधी आकडाच विचारतो.